माजानंतरचे दोन महिने

“डॉक्टर नसबंदी करा म्हणतात, पण एकदा तरी तिला पिल्लं होऊ द्यावीत ना?” नागपुरात धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत, लॅब्राडोर किंवा पॉमेरियन मादी पाळलेल्या घरांत हा वाद कधी ना कधी होतोच. एक वेत झालं की गर्भाशय साफ होतं, पुढचे आजार टळतात, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. त्याला काहीही शास्त्रीय आधार नाही. माजानंतर कुत्रीच्या शरीरात काय चालतं ते समजून घेतलं, तर निर्णय बराच सोपा होतो.

माजाच्या सुरुवातीला दिसणारं रक्त म्हणजे बाईची पाळी नव्हे. ते येतं बीजं सुटण्याआधी, इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढल्यामुळे. बीजं सुटली की त्यांच्या जागी अंडाशयात पीतपिंड नावाच्या छोट्या ग्रंथी तयार होतात आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागतात. खरी गंमत इथून पुढे आहे. बाईमध्ये गर्भ राहिला नाही, तर पीतपिंड साधारण दोन आठवड्यांत आटतो. गाईमध्ये गर्भाशयच प्रोस्टाग्लॅन्डिन हे रसायन पाठवून त्याला संपवतं. कुत्रीच्या गर्भाशयाकडून असा निरोप जातच नाही. गाभण असो वा नसो, तिचे पीतपिंड सुमारे दोन महिने काम करत राहतात. गाभणकाळही साधारण ६३ दिवसांचा! म्हणूनच प्रोजेस्टेरॉन तपासून कुत्री गाभण आहे की नाही हे सांगता येत नाही. त्यासाठी गर्भाला पोसणाऱ्या वारेतून येणारं रिलॅक्सिन हे संप्रेरक तपासावं लागतं.

म्हणजे नराची सावलीही न पडलेली कुत्री दर माजानंतर शरीरानं जवळजवळ गाभणच असते. दोन महिन्यांनी प्रोजेस्टेरॉन उतरतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन चढतं, आणि ती कूलरमागच्या कोपऱ्यात फरशी खरवडायला लागते, कुणाची तरी जुनी चप्पल पोटाशी घेऊन बसते, जवळ गेलं की गुरगुरते. सडांतून दूधही येतं. हेच खोटं गाभणपण. “बघा, तिला आई व्हायचंय” असं घरातले हळहळून म्हणतात. ते प्रेमापोटीच असतं, पण हा संप्रेरकांचा उतार आहे, अपुरी राहिलेली इच्छा नाही. नसबंदी केल्यानं मुक्या जीवाचा तळतळाट लागतो, ही भीतीही मनातून काढून टाकावी.

धोका आहे तो त्या दोन महिन्यांत. प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचं अस्तर जाड करतं, त्यातल्या ग्रंथींना स्रवायला लावतं, स्नायूंचं आकुंचन थांबवतं आणि तिथली प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं. गर्भासाठी हे सगळं हवंच. पण माजात गर्भाशयाचं तोंड उघडं असताना ई. कोलायसारखे जिवाणू आत शिरले असतील, तर त्यांच्यासाठी ही उबदार, ओली आणि बिनपहाऱ्याची खोली ठरते. गर्भाशयात पू साठतो. यालाच पायोमेट्रा म्हणतात. कुत्रीला रजोनिवृत्ती नाही, त्यामुळे हे चक्र म्हातारपणापर्यंत चालतं आणि अस्तर दर फेरीत थोडं अधिक बिघडतं. स्वीडनमधल्या विमा नोंदींनुसार, नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला १० वर्षांच्या आत हा आजार होतो.

नागपूरकरांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. ई. कोलायचं विष मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवू देत नाही, म्हणून कुत्री सारखं पाणी पिते आणि सारखी लघवी करते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना हे कुणाला खटकणार? “ऊनच तेवढं आहे” म्हणून भांडं पुन्हा भरलं जातं. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर स्रावही दिसत नाही. माज होऊन महिना-दोन महिने झालेत, तहान वाढलीय, जेवण कमी झालंय, उलट्या होताहेत, तर उन्हावर न ढकलता त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

मादीच्या नसबंदीत अंडाशयच काढतात, त्यामुळे हे चक्र थांबतं. मग नसबंदी कधी? इथे सरसकट उत्तर देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. लवकर नसबंदी केल्यानं स्तनांच्या गाठी टळतात, हे १९६९ पासून सांगितलं जातं, पण २०१२ च्या आढाव्यात त्यामागचा पुरावा कच्चा ठरला. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींची माहिती प्रसिद्ध केली. काही मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केली तर सांध्यांचे विकार वाढतात, लहान जातींत तसं सहसा दिसत नाही. काही माद्यांना पुढे लघवी धरवत नाही, आणि खाणं न आवरल्यास वजन वाढतं. माझ्या मते घरच्या लॅब्राडोरसाठी वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं, पॉमेरियनसाठी तेवढं थांबण्याची गरज नाही. पिल्लांचा विचार करायचाच असेल, तर मादीच्या खुब्यांचे एक्स-रे, सिझेरियनची तयारी आणि प्रत्येक पिल्लाला आधीच ठरलेलं घर हवं. विकायची असतील, तर २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते.

शस्त्रक्रिया माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी करावी. माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, आणि माजानंतरच्या त्या दोन महिन्यांत अंडाशय काढले तर प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळून खोटं गाभणपण सुरू होऊ शकतं. माज थांबवण्याची इंजेक्शनं मात्र टाळा. त्यांत बहुधा प्रोजेस्टेरॉनचाच भाऊबंद असतो, म्हणजे पायोमेट्राचा धोका तोच.