नळाला गढूळ, वासाचं पाणी येतंय: तक्रार, तपासणी, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडतो

बाटलीत गढूळ पाणी भरून थेट नगरपालिकेत जाऊ नका. आमच्या गल्लीतल्या आणि आसपासच्या कॉलन्यांतल्या लोकांचे पाण्याचे अर्ज मी लिहून देतो, आणि दर पावसाळ्यात तेच बघतो. टेबलावर बाटली ठेवली जाते, समोरचा माणूस ती उजेडात धरतो, "तुमच्या टाकीचं असेल" म्हणतो, आणि तक्रारदार घरी परत. अर्ज नाही, पोहोच नाही, कुठे नोंद नाही. घरात पोरगं मात्र तीन दिवस जुलाबाने आडवं.

आपल्याकडे खान्देशात पाणी रोज येत नाही, खरी गोम तिथे आहे. कुठे दिवसाआड, कुठे चौथ्या दिवशी, उन्हाळ्यात काही गावांत आठ-आठ दिवसांनी. धरण भरलेलं असलं तरी गावातल्या लाइनी मधले दिवस रिकाम्या पडून असतात. लाइन भरलेली असताना फुटक्या जागेतून पाणी बाहेर जातं, आणि रिकामी झाली की त्याच जागेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत येतं. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटं काळपट, वासाचं येतं, मग स्वच्छ दिसतं. कर्मचारी दुपारी येऊन पाहतो तेव्हा सगळं ठीकच असतं.

एका कागदावर तीन मागण्या नकोत

अर्ज परत येण्याचं पहिलं कारण हेच. "पाणी घाण येतं, तपासणी करा, पाइप बदला, कनेक्शन माझ्या नावावर करा," असं एकाच अर्जात लिहिलं की तो कोणत्याच टेबलाचा राहत नाही. पाण्याच्या गुणवत्तेची तक्रार हा एक अर्ज. प्रयोगशाळेत नमुना तपासून घेणं ही वेगळी गोष्ट, ती तुम्ही स्वतःही करू शकता. कनेक्शनचा पाइप गटारातून काढून दुसरीकडून घेणं किंवा नाव बदलणं हा तिसरा प्रकार, आणि कागदपत्रांचा खरा जाच तिथेच आहे.

तक्रारीचा अर्ज साध्या कागदावर चालतो. पाणीपुरवठा विभागाचे अभियंता किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने लिहा. पत्ता, पाणीपट्टीच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक, पाणी कोणत्या तारखेला किती वाजता सुटलं, पहिली किती मिनिटं खराब आलं, आणि गल्लीत आणखी कोणाकडे तसंच येतं, एवढं हवं. शेजारच्या चार-पाच घरांच्या सह्या घ्या. "तुमच्या टाकीचं असेल" या उत्तराला हेच सगळ्यात सरळ उत्तर आहे, पाच घरांच्या टाक्या एकाच दिवशी खराब होत नाहीत.

भाडेकरूंना बरेचदा सांगतात, मालकाला पाठवा. तक्रार हा मालकीचा दावा नाही, पाणी पिणाऱ्याची ती तक्रार आहे. मालकाच्या पाणीपट्टीच्या पावतीची झेरॉक्स आणि स्वतःचा पत्त्याचा पुरावा जोडा. थकबाकी असेल तर "आधी भरा, मग बघू" हेही ऐकायला मिळतं. थकबाकी जमेल तशी जरूर भरा, पण दूषित पाण्याची तक्रार नोंदवूनच न घेण्याचं ते कारण नाही. शांतपणे एवढंच म्हणा, "नाकारत असाल तर कारण लेखी द्या." लोकसेवा हक्क कायद्यात नकार लेखी आणि कारणासह द्यायचा आहे. एवढं म्हटल्यावर शिक्का बहुतेक वेळा बसतो.

आवक-जावकला शिक्का, तारीख आणि नंबर घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. "साहेबांकडे ठेवून जा" म्हणजे अर्ज दिलेलाच नाही असं समजा.

तक्रारीचाच भाग म्हणून त्याच अर्जात शेवटी एवढं लिहा: पाणी सुटण्याच्या वेळी, माझ्या समक्ष, नळावर क्लोरीनची ओटी टेस्ट करावी आणि नमुना घ्यावा. ओटीला मिनिटभर लागतं. नळीतल्या पाण्यात थेंब टाकला की पिवळा रंग आला पाहिजे. घरापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० हे भारतीय मानक सांगतं. रंगच आला नाही तर एक तर पालिकेच्या टाकीवर क्लोरीन पडलेलं नाही, किंवा वाटेत घाणीने ते संपवलं आहे. निकाल आणि वेळ कागदावर लिहून घ्या, तुमची आणि कर्मचाऱ्याची सही घ्या.

नमुना: इथे सगळ्यात जास्त चुकतं

स्वतः तपासून घ्यायचं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारला, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची पाणी तपासणी प्रयोगशाळा आहे. आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: नमुना कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत घेतात, आणि जंतू तपासणीची बाटली कधी मिळेल. फी भरल्यावर पावती घ्या.

रासायनिक तपासणी आणि जंतूंची तपासणी या दोन वेगळ्या आहेत. रासायनिकला साधारण दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन, त्याच पाण्याने विसळून, चालतो. जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच लागते. पाण्याची विकतची रिकामी बाटली नेली तर नमुना परत येणार.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी ती लहान बाटली मोठ्या अपूर्वाईने आणून दाखवली होती. "तीनदा चांगली धोईसन भरी भाऊ." माझ्या पोटात गोळा आला. त्या बाटलीच्या तळाशी जो थेंब किंवा पांढरी पूड दिसते ती घाण नसते. ते सोडियम थायोसल्फेट असतं. नमुन्यात उरलेलं क्लोरीन ते निकामी करतं, नाहीतर घरापासून प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेवर क्लोरीन जंतू मारत राहतं आणि तुमच्या नळाला आले तेवढे जंतू अहवालात दिसतच नाहीत. बाटली धुतली की ते गेलं, आणि नळाच्या पाण्यातले जंतू वर आत शिरले ते वेगळेच. मावशींना पुन्हा बाटली आणायला लावली, चार दिवस गेले, पण इलाज नव्हता.

नमुना टाकीचा किंवा हौदाचा घेऊ नका, मेन लाइनवरून थेट येणाऱ्या नळाचा घ्या. टाकीच्या नमुन्यावर पालिका हात झटकते, आणि तिथे तिचं म्हणणं चुकीचं नसतं. लोखंडी किंवा पितळी नळाचं तोंड पेटत्या कापसाने शेकून घ्या, प्लास्टिकचा असेल तर स्पिरिटने पुसा. दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, वर थोडी जागा रिकामी ठेवून झाकण लावा. शक्य असेल तर दोन बाटल्या आणा, एक पाणी सुटल्यावर ही दोन-तीन मिनिटं होताच आणि दुसरी दहा-पंधरा मिनिटांनी. दोन्हींवर वेळ लिहा. गटार लाइनीत मिसळतंय की पाणी मुळातच खराब येतंय, ते या फरकातून कळतं.

बाटली बर्फात ठेवून सहा तासांत पोहोचवावी, चोवीस तासांच्या पुढे तर नाहीच. आपल्याकडे पाणी पहाटे तीनला सुटतं, कधी नेमकं शनिवारी. मे महिन्याच्या चव्वेचाळीस डिग्रीत गाडीच्या डिकीतून नेलेल्या नमुन्याला काही अर्थ राहत नाही. म्हणून पाळीचं वेळापत्रक व्हॉल्व्हमनला विचारून कामाच्या दिवशीची पाळी धरा. त्यासाठी एक आठवडा थांबावं लागलं तरी थांबा, तोवर पाणी उकळून प्या.

अहवालात काय बघायचं? जंतू तपासणीत १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, अजिबात सापडायला नकोत, तिथे थोडंफार चालतं असं काही नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं जातं. रासायनिक अहवालावर "पिण्यास योग्य" आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, त्यात जंतू बघितलेलेच नसतात. आणि घरी येऊन दोन तारा पाण्यात बुडवून ते लालतपकिरी करून दाखवणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. तो रंग त्या लोखंडी तारांच्या गंजाचा असतो. कमी टीडीएसच्या पाण्यातही कॉलऱ्याचे जंतू असू शकतात.

पाइप हलवायचा तर नाव कोणाचं?

जुन्या वाड्यात कनेक्शन आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, चार भाऊ वेगळे झाले, बिल त्यांच्याच नावाने येतं आणि कोणीतरी भरतं. तक्रारीला हे चालतं. पाइप दुसरीकडून घ्यायचा, आकार बदलायचा तर आधी नाव बदला म्हणतात. त्यासाठी मृत्यू दाखला, घराचा सिटी सर्व्हे किंवा घरपट्टीचा उतारा, वारसांची संमती, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या आणि आधार लागतं. उताऱ्यावरही आजोबाच असतात, आणि गाडी तिथेच रुतते. भूमी अभिलेख कार्यालयात वारस नोंद आधी करावी लागते, त्यात महिने जातात. म्हणून कळकळीने सांगतो, पाणी चांगलं येत असताना हे काम करून ठेवा. पुण्यातल्या भावाची सही दिवाळीत तो घरी आला की घ्या. शपथपत्रासाठी स्टॅम्प पेपर मागितला तर स्वयंघोषणापत्र का चालत नाही ते विचारा, शासनाने २०१५ मध्येच बऱ्याच कामांसाठी ते मान्य केलं आहे.

हद्दीवरच्या नव्या कॉलन्यांनी आधी घरपट्टीची पावती बघावी. ती ग्रामपंचायतीची असेल तर पालिकेत खेटे घालू नका. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाला, म्हणजे पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या माणसाला, गाठा, तिथे पाणी तपासणीचं फील्ड किट आणि ते वापरायला शिकवलेल्या महिला असायला हव्यात. पाण्याच्या धोक्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालंय तेही विचारा.

मुदत लोक चुकीची मोजतात

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली नगरपालिकांच्या सेवांच्या यादीत पाण्याची गुणवत्ता तक्रार ही स्वतंत्र सेवा आहे. किती दिवसांत निकाल द्यायचा, जबाबदार अधिकारी कोण, अपील कोणाकडे, हे कार्यालयातल्या फलकावर असायलाच हवं. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. दिवस सुरू होतात ते सगळे कागद पूर्ण असलेला अर्ज दिल्यापासून. एक झेरॉक्स कमी असेल तर महिन्यानंतर सांगतात, तुमची मुदत सुरूच झाली नव्हती. म्हणून पोहोच घेतानाच "अर्ज पूर्ण आहे ना?" हे विचारून जोडलेल्या कागदांची यादी पोहोचेवर लिहून घ्या.

मुदत संपली किंवा नकार आला की त्या दिवसापासून ३० दिवसांत पहिलं अपील. लोक हे ३० दिवस अर्जाच्या तारखेपासून धरतात आणि उशीर झाला म्हणून सोडून देतात. उशिराचं योग्य कारण असेल तर ९० दिवसांपर्यंत अपील घेता येतं. पहिल्या अपिलाचा निकाल ३० दिवसांत, नाही पटला तर दुसरं अपील, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

तोवर घरात

पाणी खदखदून उकळा, एक मिनिट तरी. बोअरच्या पाण्याचं वेगळं आहे. केळीपट्ट्यात युरिया भरपूर पडतो, तेव्हा नायट्रेट तपासल्याशिवाय सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं वरचं दूध त्या पाण्यात कालवू नका. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यावर वाढतं.

आणि नळाला थेट मोटर लावू नका. तपासणीला आलेला माणूस पंचनाम्यात आधी मोटर लिहितो आणि तुमचीच जोडणी तुटते, हा एक भाग. मोटर ओढते तेव्हा फुटक्या जागेतून गटार तुमच्याच घरात येतं, हा दुसरा. तिसरा सगळ्यात वाईट: पहाटे अंधारात, ओल्या ओट्यावर, अनवाणी, जोड दिलेल्या वायरला चिकटपट्टी लावून ती मोटर चालू केली जाते. टाकीत पाणी चढवायला हौदावर मोटर असेल तर अर्थिंग तपासून घ्या, वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच बसवा, आणि हौदाला असं झाकण करा की तीन वर्षांच्या पोराला ते उचलता येणार नाही.