ग्रीनखालचा निचरा आणि सबएअर: पावसानंतर नेमकं काम कोण करतं?

गोल्फच्या मास्टर्स स्पर्धेच्या आठवड्यात अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल कोर्सवर पाऊस झाला की समालोचनात सबएअर या यंत्रणेचं नाव हमखास येतं. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, आसपास जमिनीतून घरघर ऐकू येते, आणि खालची यंत्रं पाणी खेचून घेताहेत, आता काळजी नको, असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, सबएअर म्हणजे निचऱ्याचीच सुधारित आवृत्ती असणार. साध्या कोर्सवर पाइप, पैसेवाल्या कोर्सवर पंप. या गैरसमजापायी पावसानंतरची स्पर्धा अशी का खेळली गेली, हेच कळेनासं होतं. खेळ सुरू करता येईल का आणि केव्हा, हे निचऱ्यावर ठरतं. सुरू झालेल्या खेळात ग्रीन चेंडूला कसं घेईल, यावर सबएअरचा हात असतो.

आधी निचरा. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, १९६० साली ग्रीन कसं बांधावं याची शिफारस प्रसिद्ध केली. पुढे तिच्यात बदल होत गेले, पण गाभा तोच राहिला. सगळ्यात खाली घट्ट केलेली जमीन, तिच्यात चर खणून बसवलेले भोकांचे पाइप, त्यावर सुमारे १०० मिलिमीटर खडीचा थर आणि त्यावर ३०० मिलिमीटर निवडक वाळूचा थर. गवताची मुळं या वाळूत वाढतात. दोन पाइपांमधलं अंतर साधारण ५ मीटरच्या आत ठेवतात. पाऊस पडला की जादा पाणी वाळूतून खडीत, खडीतून पाइपात आणि पाइपातून ग्रीनबाहेर जातं. सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. मोटार नाही, वीज नाही.

या रचनेतली खरी खुबी सहसा सांगितली जात नाही. बारीक वाळूखाली भरड खडी असली की पाणी सरळ खाली जात नाही. वाळूच्या कणांमधली बारीक छिद्रं ते केशाकर्षणाने धरून ठेवतात. खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना त्याला तसं ओढून घेता येत नाही, म्हणून वाळूच्या तळाशी पाणी अडतं. वरून आणखी पाणी आलं आणि भार पुरेसा वाढला की मगच जादाचं पाणी खडीत उतरतं. भांडी घासायचा ओला स्पंज आडवा धरा: थोडं पाणी गळून थांबतं, पण खालच्या अंगाला तो भिजलेलाच असतो. तोच उभा केला की पुन्हा धार लागते. यूएसजीए पद्धतीचं ग्रीन म्हणजे कायम आडवा धरलेला स्पंज. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. नुसत्या वाळूत गवत उन्हाने दुपारपर्यंत कोमेजलं असतं.

किती पाणी अडकतं, याचा हिशेब घालून बघण्यासारखा आहे. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर ते झालं १२,५०० लिटर. त्यातलं काही उतारावरून बाहेर जातं, उरलेलं वाळूत मुरतं. आता वाळूने धरून ठेवलेल्या पाण्याकडे बघा. यूएसजीएच्या निकषांत केशाकर्षणाने पाणी धरणारी छिद्रं एकूण आकारमानाच्या १५ ते २५ टक्के असावीत असं म्हटलं आहे. मधला २० टक्क्यांचा आकडा घेतला तर ३०० मिलिमीटर वाळूत ६० मिलिमीटर पाणी मावतं. त्याच ५०० चौरस मीटरच्या ग्रीनमध्ये हे ३०,००० लिटर झाले. पाइपाच्या तोंडाशी शेवटचा थेंब गळून गेला, निचरा ‘पूर्ण’ झाला, तरी एवढं पाणी गवताखाली असू शकतं. वर डबकं नाही, बूट भिजत नाहीत, खेळ सुरू करायला हरकत नाही. पण ग्रीन मऊ आहे.

सबएअर या उरलेल्या पाण्याला हात घालतं. ऑगस्टा नॅशनलच्या कोर्सची देखभाल सांभाळणारे मार्श बेन्सन यांनी १९९०च्या दशकात ही कल्पना प्रत्यक्षात आणली. ग्रीनखालच्या पाइपांच्या जाळ्याला एक मोठा ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा किंवा फुंकणारा पंखा, जोडायचा आणि वाटेत हवा व पाणी वेगळं करणारी टाकी बसवायची. ब्लोअर उलट चालवला की पाइपात आणि खडीत हवेचा दाब कमी होतो. वाळूने घट्ट धरलेलं पाणी त्यामुळे सुटून खाली येतं आणि त्याच्या जागी वरून हवा आत शिरते. स्पंज उभा न करता खालून ओढल्यासारखा हा परिणाम. म्हणजे हे यंत्र निचऱ्याच्या पाइपांवरच बसतं. पाइप नीट नसतील, वाळू चिखलाने बुजलेली असेल, तर ब्लोअर कितीही ताकदीचा आणा, ओढायला वाटच नसते.

दुसरं एक काम टीव्हीवर दिसत नाही, आणि माझ्या मते वर्षभराचा विचार केला तर तेच जास्त मोलाचं आहे. ब्लोअर सुलट चालवला की हवा खालून वर मुळांकडे ढकलली जाते. सतत ओल्या राहणाऱ्या ग्रीनमध्ये मुळांना प्राणवायू मिळत नाही. अशा ग्रीनमधून होल कापायच्या कटरने मातीचा दंडगोल काढला, तर मधे कुठेतरी आडवा काळा पट्टा दिसतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंनी गंधकाची संयुगं तयार केल्याची ती खूण. गवत वरून अजून हिरवं असतं, पण मुळं त्या पट्ट्याखाली जात नाहीत. हवा खेळती ठेवली की हा पट्टा धरायची शक्यता कमी होते, आणि खोल मुळांचं गवत पावसाचा आणि खेळाडूंच्या पायांचा मारा जास्त सोसतं.

आता स्पर्धेकडे. ग्रीनवर होलभोवती पाणी साचलं आणि स्क्वीजीने, म्हणजे दांड्याच्या रबरी पट्टीने, ओढूनही हटेना, की समितीला खेळ थांबवावाच लागतो. ते पाणी किती वेळात जाईल हे पृष्ठभागाच्या उतारावर, वाळूच्या पाणी मुरवण्याच्या वेगावर आणि पाइपांवर अवलंबून असतं. विजा कडाडत असतील तर खेळ थांबतोच, त्याचा निचऱ्याशी संबंध नाही. पाऊस थांबून पाणी ओसरलं की प्रश्न बदलतो: दीडशे यार्डांवरून ग्रीनवर मारलेला फटका, म्हणजे अप्रोच, पडल्या जागी थांबेल, की दोनदा उसळून मागे घरंगळेल?

कोविडमुळे नोव्हेंबरात गेलेल्या २०२०च्या मास्टर्समध्ये हा फरक स्पष्ट दिसला. पहिल्या सकाळी पावसाने खेळ जवळजवळ तीन तास अडला. नंतर पाणी गेलं, कोर्स खेळण्याजोगा झाला, यंत्रं चालू होती. तरी ग्रीन नेहमीच्या एप्रिलसारखी कडक झाली नाहीत. दिवस लहान, ऊन कोवळं. खेळाडू थेट झेंड्यावर नेम धरून मारत होते. डस्टिन जॉन्सन २६८ फटक्यांत, म्हणजे पारपेक्षा (कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) २० कमी करून जिंकला. मास्टर्सचा तो विक्रम झाला. कॅमरन स्मिथने चारही फेऱ्या ७०च्या आत संपवल्या. मास्टर्समध्ये तसं आधी कुणालाच जमलं नव्हतं. तरीही तो पाच फटक्यांनी मागे राहिला! जॉन्सनचं कौतुक कमी करण्याचा हेतू नाही, पण त्या आकड्यामागे मऊ ग्रीनचाही वाटा आहे. सबएअर ओल कमी करतं. सूर्य आणि वाऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

इथे आणखी एक गल्लत होते: मऊ ग्रीन म्हणजे मंद ग्रीन. पटिंगचा वेग बराचसा गवताची उंची आणि रोलिंगवर ठरतो. पाऊस थांबल्यावर गवत बारीक कापून रोलर फिरवला की मऊ ग्रीनही झपाट्याचं राहू शकतं. म्हणून वेग स्टिंपमीटरने, म्हणजे चेंडू उतारावरून सोडून तो किती लांब जातो हे बघायच्या पट्टीने, मोजतात, आणि कडकपणासाठी वजन टाकून बघायची वेगळी उपकरणं असतात.

ग्रीनपुरतं बोललो, पण पावसानंतर सगळ्यात जास्त वाद होतो तो फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर. ब्लोअरची व्यवस्था असते ती मुख्यतः ग्रीनखाली. फेअरवेचं क्षेत्र कितीतरी मोठं, आणि तिथे बहुतेक ठिकाणी मूळची मातीच असते. पाणी दिसत असेल तर टेम्पररी वॉटरच्या, म्हणजे तात्पुरत्या साचलेल्या पाण्याच्या, नियमाने चेंडू हलवता येतो. पण पाणी ओसरून नुसती ओली माती उरली की चेंडू खाली आपटताना चिखल लागतो, आणि तो तसाच मारावा लागतो. डाव्या बाजूला चिखल असलेला चेंडू सहसा उजवीकडे वळतो. किती, ते कुणीच सांगू शकत नाही. उपाय म्हणजे समितीने स्थानिक नियम लावून फेअरवेवरचा चेंडू उचलून, पुसून पुन्हा ठेवायला परवानगी देणं. मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या, स्पर्धांत हे फार क्वचित होतं; २०१६च्या पीजीए चँपियनशिपमध्ये बाल्टसरॉल कोर्सवर शेवटच्या फेरीत तसं करावं लागलं. २०२५ मध्ये क्वेल हॉलो कोर्सवर याच स्पर्धेआधी भरपूर पाऊस झाला होता, तरी पहिल्या दिवशी चेंडू आहे तसाच खेळायचा असा निर्णय झाला. स्कॉटी शेफलर आणि झँडर शॉफेले या दोघांनाही १६व्या होलवर डबल बोगी (पारपेक्षा दोन फटके जास्त) पडली, आणि दोघांनीही चिखलाबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली. ती स्पर्धा शेवटी शेफलरनेच जिंकली, त्यामुळे ही हरलेल्याची कुरकुर म्हणता येणार नाही. चेंडू आहे तसा खेळणं हा गोल्फचा पाया आहे, हे मला मान्य आहे. पण फेअरवेच्या मध्यात नेमका फटका मारणाऱ्यालाच दंड बसत असेल, तर त्या दिवशी चेंडू पुसू द्यावा, असं मला ठामपणे वाटतं.

सबएअर आपल्या देशात बहुतेकांना माहीत आहे ते क्रिकेटमुळे. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर २०१७ पासून ते आहे. ते बसवताना मैदान खणून खाली खडी, पाइप आणि वाळूचे थर घालावे लागले, हे मात्र बातम्यांत मागे पडतं. १६ ऑक्टोबर २०२४ला न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीचा पहिला दिवस पावसाने धुतला गेला आणि दुसऱ्या दिवशी खेळ झाला, ज्यात भारत ४६ धावांत गडगडला. १७ मे २०२५ला मात्र त्याच मैदानावर बेंगळुरू आणि कोलकाता यांचा आयपीएल सामना नाणेफेकही न होता रद्द झाला, कारण पाऊस थांबलाच नाही. पडत्या पावसात कुठलाही ब्लोअर मैदान कोरडं ठेवत नाही.

महाराष्ट्रात प्रश्न अधिक बिकट आहे. काळी माती भिजली की फुगते, तिच्यातल्या फटी मिटतात, आणि मग पाणी खाली जायचं जवळजवळ थांबतं. अशा जमिनीवर थेट बांधलेल्या ग्रीनखाली हवा ओढणारं यंत्र बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. तिथे पहिला खर्च वाळूच्या थरावर, पाइपांवर आणि पाणी ग्रीनवर न येता बाजूने जाईल अशा उतारावर व्हायला हवा. आणि ज्यांच्याकडे पाइप आहेत, त्यांनी मे महिन्यात प्रत्येक आउटलेट, म्हणजे पाइपाचं बाहेरचं तोंड, शोधून काढावं. तिथे गवत, गाळ, कधी उंदराचं बीळ असतं. वर होज धरून ग्रीन भिजवावं आणि खाली उभं राहून किती वेळाने धार लागते ते बघावं. धार लागलीच नाही, तर ग्रीनच्या बाबतीत पुढची सगळी चर्चा त्या बुजलेल्या तोंडापासून सुरू करावी लागते.