ड्युअल-बूट: विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे का पडतं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, संपला. ठाण्याहून, ऐरोलीहून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात खेपा घालून २०१७मध्ये जुळवलेली गेमिंग मशिन तेव्हापासून अडकून पडली आहेत. आय-७ ७७०० हा इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड आजही १०८०पीवर बरंच काही खेळवतात, पण विंडोज ११च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, तुरळक अपवाद सोडता, आठव्या पिढीपासूनच आहेत.

उपाय म्हणजे ड्युअल-बूट: एकाच मशिनवर विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्सची वाट व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८मध्ये स्टीम या आपल्या गेमच्या दुकानात प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, आणून मोकळी केली. अडतात ते मुख्यतः अँटी-चीटवाले (फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर लावणारे) ऑनलाइन गेम. व्हॅलोरंटचं अँटी-चीट, व्हॅनगार्ड, थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसतं. एपेक्स लेजंड्सने २०२४मध्ये लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. तेवढ्या गेमसाठी विंडोज ठेवावं, बँकेचे व्यवहार मात्र लिनक्सवर करावेत.

‘आधी विंडोज टाका, मग लिनक्स’ हा सल्ला एमबीआर या डिस्कच्या जुन्या मांडणीच्या काळातला. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये बूट-कोडला जागा जेमतेम ४४६ बाइट, म्हणजे एकाच लोडरची (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची). विंडोज नंतर टाकलं की ते लिनक्सचा लोडर, ग्रब, पुसून टाकायचं. मदरबोर्डच्या नव्या पद्धतीत, यूईएफआयमध्ये, प्रत्येक लोडरला डिस्कच्या ईएफआय पार्टिशन नावाच्या भागावर स्वतःचा फोल्डर मिळाला. तरी विंडोज हे पार्टिशन सहसा १०० एमबीचंच करतं, आणि काही डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) कर्नलही तिथेच ठेवतात, मग ते भरतं. त्यात ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने सिक्युअर बूटमधून (फक्त विश्वासू लोडर चालू देणाऱ्या सोयीतून) जुने लोडर बाद केले आणि अनेकांचं लिनक्स सुरूच होईना. म्हणून लिनक्सला वेगळी एसएसडी द्यावी, ५०० जीबीची पुरते. इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवावी. नव्या डिस्कवर १ जीबीचं ईएफआय पार्टिशन करावं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवावी.

विंडोज ८पासून आलेलं फास्ट स्टार्टअप बंद करणं विसरू नये. ते चालू असलं की शटडाउन केलं तरी कर्नल हायबरनेट होतो (बंद न होता डिस्कवर साठवला जातो), विंडोजच्या डिस्कवरचं एनटीएफएस फाइल-सिस्टिम अर्धवट उघडं राहतं, आणि लिनक्स ते फक्त वाचायला देतं. स्टीमची लायब्ररी, म्हणजे गेमचा साठा, विंडोज आणि लिनक्स दोन्हींत सामायिक ठेवण्याचा मोहही टाळावा: प्रोटॉनच्या काही फाइलनावांत कोलन असतो, विंडोजला तो चालत नाही.

आणि घड्याळ. डॉसच्या काळापासून विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ. लिनक्समध्ये रात्रीचे ९ वाजले असताना रीस्टार्ट केलं तर विंडोज दुपारचे साडेतीन दाखवतं. उपाय सोपा: लिनक्सला हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेत ठेवायला सांगायचं.