कीवर्ड शोध, स्थानिक (प्रति-कॉल जाहिरातीसाठी)

एखाद्या शहरात सेवा शोधणारे लोक सर्च इंजिनमध्ये नेमके कोणते शब्द टाकतात ते हुडकून, त्यांपैकी ज्यांतून फोन येण्याचा संभव आहे तेवढेच जाहिरातीसाठी निवडण्याची पद्धत. येथे व्यावसायिक पैसे मोजतो ते क्लिकचे (जाहिरातीवरच्या टिचकीचे) नव्हे, आलेल्या फोनचे. तोही ठरलेल्या वेळेपेक्षा, बहुधा ६० किंवा ९० सेकंदांपेक्षा, जास्त चालला तरच. जाहिरात चालवणारा मध्यस्थ मात्र सर्च इंजिनकडून क्लिक स्वतःच्या खिशातून विकत घेतो.

उगम : या पद्धतीच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. शोधशब्दावर बोली लावण्याची, म्हणजे तो शब्द टाकणाऱ्याला आपली जाहिरात दिसावी म्हणून क्लिकमागे दर देण्याची, कल्पना १९९८ मध्ये अमेरिकेतील गोटू डॉट कॉमने रुजवली. प्रति-कॉल आकारणी २००४ च्या सुमारास इंजेनिओ आणि फाइंडव्हॉट या कंपन्यांनी बाजारात आणली, आणि बहुतेक लेखन तेथूनच सुरुवात धरते. दुसरे मत असे की, गिऱ्हाइकाचा फोन हाच माल मानण्याची रीत यलो पेजेसच्या (व्यवसायांच्या छापील फोन-सूचीच्या) काळापासूनची आहे. मुंबईपुरते बोलायचे तर १९९६ मध्ये येथे सुरू झालेल्या जस्ट डायल या फोनवरून माहिती देणाऱ्या सेवेचा दाखला दिला जातो : फोन करणारा ‘मुलुंडला फ्रीज दुरुस्त करणारा हवाय’ म्हणे, आणि ऑपरेटर सेवा व ठिकाण अशी फोड करून नंबर सांगे. मात्र तेथे व्यावसायिक मुख्यतः मुदतीची वर्गणी भरत, फोनमागे पैसे नव्हे. त्यामुळे आकारणीचा उगम अमेरिकेत आणि ‘सेवा अधिक ठिकाण’ या शब्दजोडीची स्थानिक सवय त्याआधीची, असे वेगळे धरणे अधिक ग्राह्य वाटते. गूगलने केवळ फोन लावणाऱ्या जाहिराती २०१५ मध्ये दाखल केल्या.

स्थलनामे : मुंबईत हा भाग सर्वांत किचकट आहे. व्हीटी स्थानकाचे १९९६ मध्ये सीएसटी व २०१७ मध्ये सीएसएमटी झाले. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. तरी जुनी नावे तोंडून आणि बोटांतून गेलेली नाहीत. विलेपार्ल्याचे पार्ले किंवा पार्ला, शीवचे सायन, वांद्र्याचे बांद्रा, भायखळ्याचे बायकला ही रूपे यादीत स्वतंत्रपणे घ्यावी लागतात, शिवाय रोमन लिपीतली त्यांची स्पेलिंगे वेगळी. लोखंडवाला ही वसाहत अंधेरी पश्चिमेला आहे तसे कांदिवली पूर्वेलाही. हिरानंदानी पवईत आणि ठाण्यातही. गोरेगाव नावाचे गाव रायगड जिल्ह्यातही आहे. पूर्व-पश्चिम हा भेद तर रूळ ओलांडण्याचा प्रश्न असल्याने निर्णायक ठरतो : घाटकोपर पश्चिमेचा प्लंबर संध्याकाळी सहा वाजता पूर्वेला यायला नाखूश असतो आणि तो फोन वाया जातो. गूगल जाहिरातीच्या सेटिंगमध्ये मूळ पर्याय ‘त्या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस असलेले’ असा असतो. तो न बदलल्यास दिल्लीत बसून मुंबईविषयी शोधणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते.

सेवानामे : पुस्तकी नाव आणि घरातला शब्द यांत अंतर असते. पेस्ट कंट्रोलवाल्याला ‘ढेकूण’, ‘खटमल’ आणि गुजराती घरांतला ‘मांकड’ (म्हणजे ढेकूणच) असे तिन्ही लागतात. दिल्लीचा कबाडी येथे भंगारवाला होतो. भाडेकरार शोधणारा मुंबईकर ‘लीव्ह अँड लायसन्स’ टाकतो. दुकान-नोंदणीचा कायदा २०१७ मध्ये नवा झाला. त्यात मुळात दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरे ठरवले होते. तरी लोक शोधतात ते ‘गुमास्ता लायसन्स’च, जो शब्द फारसीतील गुमाश्ता, म्हणजे मुनीम वा प्रतिनिधी, यावरून आला. असे शब्द कीवर्ड प्लॅनरमध्ये (कोणता शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात) क्वचितच वर दिसतात. फारसा खर्च नसलेल्या खात्यांना ते साधन आकडे ‘१० ते १००’ अशा ढोबळ पट्ट्यांतच दाखवते, म्हणून आकड्याकडे पाहून शब्द टाकून देणे चुकीचे ठरते. त्यापेक्षा आलेल्या फोनचे रेकॉर्डिंग ऐकणे अधिक उपयोगी.

वगळशब्द : कोणते शब्द टाळायचे याचीही यादी ठेवतात, आणि प्रति-कॉल व्यवहारात तिचे महत्त्व मुख्य यादीपेक्षा जास्त, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. समजा, मध्यस्थाला क्लिक ४० रुपयांना पडतो. दहा क्लिकमधून तीन फोन येतात आणि त्यांतला एकच ९० सेकंद ओलांडतो. खर्च ४०० रुपये, मिळकत कॉलमागे ३५० : तोटा ५०. आता गळालेले दोन फोन ऐकावेत. एक बावीस सेकंदांचा : ‘दादा, तुमच्याकडे हेल्परची जागा आहे का?’ दुसरा एसी दुरुस्तीच्या कोर्सची फी विचारणारा. ‘नोकरी’, ‘पगार’, ‘व्हेकन्सी’, ‘कोर्स’ हे शब्द वगळल्याने दहातले तीन क्लिक वाचले, तर खर्च २८० होतो आणि तोच एक कॉल ७० रुपये देऊन जातो. कंपन्यांचे ‘कस्टमर केअर नंबर’ शोधणारेही असेच वगळतात. त्यांना दुरुस्तीवाला नको, कंपनी हवी असते.

ऋतुमान : मुंबईत पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून मानतात. तत्पूर्वी, मे महिन्यात, लोक ‘टेरेस वॉटरप्रूफिंग’ असे कामाचे नाव टाकतात. पाऊस लागला की शोधात तक्रार उतरते : ‘स्लॅबमधून पाणी गळतंय’, ‘भिंतीला ओल’. पहिल्या प्रकारचा माणूस दर विचारून चार जणांना फोन करतो. दुसऱ्याने खाली बादली लावलेली असते.