अडलेल्या एन्झाइमवरून औषध मोजण्याची गोष्ट

पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार भागात आरोपीला एका वेलीच्या विषारी बिया खाऊ घालत. उलटी होऊन वाचला तो निर्दोष, मेला तो दोषी. त्या बियांमधलं फायसोस्टिग्मीन 1864 मध्ये वेगळं काढलं गेलं आणि 1877 मध्ये काचबिंदूवर वापरलं गेलं. ते शरीरात नेमकं काय करतं, हे मात्र 1926 मध्ये ऑटो लोव्ही यांच्या प्रयोगांतून कळलं. मज्जातंतूंचा निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलीन ज्या एन्झाइममुळे (म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनामुळे) तुटतं, त्या एन्झाइमलाच ते अडवून धरतं.

एन्झाइम अडवणं हाच उपचार, या तत्त्वावर पुढे कितीतरी औषधं आली: गाऊटवरचं ॲलोप्युरिनॉल, कर्करोगावरचं मेथोट्रेक्सेट, रक्तदाबावरचं कॅप्टोप्रिल, अल्झायमरवरचं डोनेपेझिल. अगदी ॲस्पिरिनसुद्धा त्यातलंच, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं.

अशी औषधं विजेच्या साहाय्याने मोजण्याची पहिली वाट यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी 1922 मध्ये प्रागमध्ये उघडली. बारीक काचेच्या नळीतून पाऱ्याचा थेंब थेंब द्रावणात पडतो, विद्युतदाब हळूहळू वाढवत न्यायचा आणि प्रवाह कुठे उसळी घेतो ते पाहायचं. उसळी कोणत्या दाबाला आली यावरून पदार्थ ओळखायचा, ती किती उंच यावरून त्याचं प्रमाण. या पोलरोग्राफीला 1959 मध्ये नोबेल मिळालं. पुढे पाऱ्याच्या जागी कार्बनचे इलेक्ट्रोड, म्हणजे द्रावणात बुडवलेली वीजवाहक टोकं, आले. अडचण एवढीच की रक्तातलं युरिक ॲसिड आणि क जीवनसत्त्वही त्याच इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देऊन मोकळे होतात आणि औषधाचा संकेत त्यात बुडून जातो.

दुसरी वाट मला जास्त सुंदर वाटते. 1962 मध्ये लेलँड क्लार्क आणि लायन्स यांनी एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची जोडी जमवण्याची कल्पना मांडली. त्याच वर्षी गिलबॉल्ट आणि सहकाऱ्यांनी कोलिनएस्टरेज (ॲसिटिलकोलीन तोडणारं तेच एन्झाइम) अडवणारी ऑर्गनोफॉस्फरस संयुगं (अनेक कीटकनाशकं याच जातीची) विद्युतरासायनिक पद्धतीने मोजली. आजच्या सेन्सरची रीत साधारण अशी: इलेक्ट्रोडवर बसवलेल्या या एन्झाइमला खाद्य म्हणून ॲसिटिलकोलीनसारखंच ॲसिटिलथायोकोलीन द्यायचं. ते तुटून थायोकोलीन तयार होतं, इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे ते इलेक्ट्रॉन देतं, आणि प्रवाह वाहतो. तो टिपून ठेवायचा. मग नमुना घालायचा, काही मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तेच खाद्य द्यायचं. प्रवाह जितका घटला, तितकं रोधक औषध जास्त. डोनेपेझिलसारखं औषध धुतल्यावर एन्झाइम पुन्हा कामाला लागतं. ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशक मात्र घट्ट चिकटून बसतं.

इथेच या पद्धतीची खरी मर्यादा आहे. कोणीतरी एन्झाइम अडवलं, एवढंच ती सांगते. अडवणारं औषध होतं, कीटकनाशक की जड धातू, हे तिला कळत नाही. त्यामुळे स्वच्छ बफर द्रावणात (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या, रक्तातली भेसळ नसलेल्या द्रावणात) आलेला छान आलेख पाहून सेन्सर तयार झाला असं मानणं मला घाईचं वाटतं.

गरज मात्र खरी आहे. मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिलेल्या रुग्णाच्या रक्तातली पातळी साधारण 24, 48 आणि 72 तासांनी तपासतात आणि ल्युकोव्होरिनचा उतारा किती व किती काळ द्यायचा, हे त्यावरून ठरवतात. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा धोक्यात येतात. मेथोट्रेक्सेटचं कार्बन इलेक्ट्रोडवर थेट ऑक्सिडीकरण होतं, म्हणून खाटेजवळच्या तपासणीसाठी ही पहिली वाट पुन्हा चोखाळली जाते आहे. पण रक्तातली प्रथिनं इलेक्ट्रोडवर थर धरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या मापनापासूनच प्रवाह उतरू लागतो.