'फेअरट्रेड'चे जादा पैसे जातात कुठे?

लंडनहून भाचा येतो तेव्हा चॉकलेटबरोबर एक वाक्यही आणतो: "मामा, हे फेअरट्रेड आहे, जास्तीचे पैसे थेट शेतकऱ्याला जातात." फेअरट्रेड म्हणजे शेतकऱ्याला रास्त मोबदला मिळावा म्हणून मालावर लावलेलं लेबल. भाच्याचा हा समज जुना आहे आणि अर्धाच खरा आहे.

आयव्हरी कोस्ट किंवा घानातल्या कोकोवर २०१९पासून टनामागे २४० डॉलर फेअरट्रेड प्रीमियम (मालाच्या दरावरची जादा रक्कम) ठरला आहे. म्हणजे किलोला २४ सेंट. शंभर ग्रॅमच्या वडीत निम्मा कोको धरला तर सव्वा सेंट, आपला जेमतेम रुपया! तोही शेतकऱ्याच्या हातात नाही, सहकारी संस्थेच्या खात्यात पडतो. विहीर, शाळा की रोख वाटप, हे सभासद ठरवतात. साखर कारखान्याचा सभासद असलेल्याला हे वेगळं सांगायला नको. दुकानदाराने त्यावर किती चढवावं, याला लेबलचा लगाम नाही.

वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरात 'मास बॅलन्स' दिसलं, तर वडीतला कोको फेअरट्रेड शेतातलाच असेल असं नाही. फेअरट्रेड म्हणून जेवढा घेतला तेवढाच विकला, असा हिशेब फक्त वजनाचा जुळतो.

किमान दराची हमी मात्र खरी आहे. बाजार कोसळला की ती कामाला येते. २०२४मध्ये कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा ती नुसती कागदावर होती.