परिधेय उपकरणांच्या आदानपद्धती

परिधेय उपकरणांच्या आदानपद्धती : मनगट, बोट, कान किंवा डोळ्यांवर वागवल्या जाणाऱ्या संगणकीय उपकरणाला सूचना व माहिती देण्याच्या रीती. स्मार्टवॉच, फिटनेस बँड, स्मार्ट अंगठी, इअरबड आणि स्मार्ट चष्मा ही अशी उपकरणे होत. संगणकापुढे माणूस बसतो, मोबाइल तो हातात घेतो. परिधेय उपकरण मात्र तो दुसऱ्याच कामात गुंतलेला असताना अंगावर असते. त्यामुळे सूचना देणारा हात रिकामा, कोरडा आणि स्वच्छ असेल असे गृहीत धरता येत नाही. मराठवाड्यातील शेत, जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करण्याची गिरणी) आणि कारखाना यांत ही अडचण चटकन लक्षात येते.

सर्वांत जुनी पद्धत बटणांची आहे. १९७०च्या दशकात पल्सर या घड्याळांच्या ब्रँडने कॅल्क्युलेटर असलेले मनगटी घड्याळ काढले, पण त्याच्या कळा इतक्या बारीक होत्या की त्या पेनासारख्या टोकदार वस्तूने दाबाव्या लागत. १९८०मध्ये आलेल्या कॅसिओच्या सी-८० घड्याळाच्या कळा बोटाने दाबता येत. २०१५मध्ये ॲपलच्या घड्याळाला फिरती किल्ली आणि सॅमसंगच्या गिअर एस-२ला फिरते कडे मिळाले. किल्ली किंवा कडे फिरवताना पडदा बोटाखाली झाकला जात नाही, हा त्यांचा मोठा गुण होय.

स्पर्शपडदा आज सर्वत्र रूढ आहे. बोट विद्युतवाहक असल्याने ते टेकताच पडद्यावरील विद्युतक्षेत्र बदलते आणि तो बदल मोजून स्पर्शाची जागा ठरवली जाते. पाण्याचा किंवा घामाचा थेंबही तोच बदल घडवू शकतो. जाड कापडी मोजा किंवा घट्टे पडलेली कोरडी कातडी उलट तो क्षीण करते. वसमतच्या परिसरात हळद शिजवताना कढईवरून वाफ येत असते आणि हात ओले, पिवळे झालेले असतात. अशा वेळी फोन आला तर घड्याळाच्या पडद्यावर बोट सरकवण्यापेक्षा कडेचे बटण दाबणेच खात्रीचे ठरते. बटण जुने म्हणून टाकाऊ समजण्याची घाई निर्माते करतात, ती प्रस्तुत लेखकाला पटत नाही.

मजकूर लिहिणे हा या उपकरणांचा सर्वांत दुबळा भाग आहे. सुमारे दीड इंचाच्या पडद्यावर देवनागरीचे स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे एकाच वेळी दाखवता येत नाहीत. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव युनिकोडमध्ये मधली मोकळी जागा धरून १७ चिन्हांचे होते. ‘त्र’ हे एकच जोडाक्षर त, हलन्त आणि र अशी तीन चिन्हे घेते. घड्याळावरून उत्तर देताना लोक म्हणूनच बहुधा आधीच साठवलेली ‘हो’, ‘नंतर बोलतो’ अशी छोटी वाक्ये निवडतात किंवा सरळ बोलतात.

आवाजाने आदान हा त्यावरचा स्वाभाविक उपाय आहे. गूगलने ऑगस्ट २०१७मध्ये बोलून टंकलेखन करण्याच्या सोयीत मराठीचा समावेश केला. मात्र अशी प्रणाली ज्या बोलीचे नमुने ऐकून घडवली जाते तीच तिला नीट कळते. प्रमाण मराठीत ‘मी काम करतो आहे’ म्हणतात, तर मराठवाड्यात ‘काम करायलोय’. यातला ‘करायला’ हा अंश प्रमाण भाषेत वेगळ्याच अर्थाने येतो, त्यामुळे यंत्राची गल्लत होण्यास वाव राहतो. जालन्याच्या रोलिंग मिलसारख्या ठिकाणी गोंगाटाची भर पडते. दोन मायक्रोफोनांतील फरकावरून बाहेरचा आवाज वजा करणे हा उपाय काही इअरबडमध्ये केलेला असतो. चारचौघांत घड्याळाशी बोलण्याचा संकोच ही आणखी एक अडचण, पण तिला तांत्रिक उत्तर नाही.

हालचालीवर आधारलेल्या पद्धतींत मनगट वळवताच पडदा उजळणे ही सर्वांत परिचित होय. त्वरणमापक (ॲक्सिलरोमीटर) आणि घूर्णमापक (जायरोस्कोप) ती हालचाल टिपतात. डाव्या मनगटावरचे घड्याळ चालवायला उजवा हात लागतो, आणि त्या हातात विळा असेल तर पंचाईत होते. यासाठी ॲपलने २०२१मध्ये घड्याळ असलेल्याच हाताची मूठ आवळून किंवा चिमूट करून सूचना देण्याची सोय आणली. तिचा मूळ हेतू एक हात वापरू न शकणाऱ्यांना मदत करण्याचा होता. मनगटपट्टीतील विद्युतअग्रांनी (इलेक्ट्रोड) स्नायूंचे सूक्ष्म विद्युतसंकेत वाचणे हा यापुढचा टप्पा असून मेटाने २०२५मध्ये आपल्या पडदा असलेल्या चष्म्यासोबत अशी पट्टी आणली. चष्म्यांमध्ये काडीवर बोट फिरवणे आणि नजरेने निवड करणे याही पद्धती आहेत.

वापरणाऱ्याने काहीच न सांगता मिळणारे आदान वेगळे मानावे लागते. पावले मोजणारे घड्याळ पाय पाहत नाही. ते मनगटाचा हेलकावा पाहते. पैठणच्या नाथषष्ठीला पायी निघालेल्या दिंडीत ज्याच्या हातात पताका स्थिर असते त्याची पावले घड्याळात कमी भरू शकतात, आणि मुक्कामी एका जागी उभे राहून टाळ वाजवणाऱ्याची, न चालताही, वाढू शकतात.